बडोद्याच्या मैदानावरून डिफेन्डर: नव्या मुलींसाठी आणि त्यांच्या आईबाबांसाठी

शाळेच्या संघात पहिल्या दिवशी बहुतेक वेळा असंच होतं. जोरात पळणाऱ्या मुली पुढे जातात, ज्यांच्या पायात बॉल राहतो त्या मधे, आणि राहिलेल्यांना सर सांगतात, "तू मागे थांब." तुलाही असंच मागे उभं केलं असेल, तर ती उरलेल्यांची जागा आहे हे आधी डोक्यातून काढून टाक. जानेवारी २०२५ मध्ये इंग्लंडच्या चेल्सी क्लबने अमेरिकेच्या नेओमी गिर्माला सॅन डिएगो वेव्ह क्लबकडून घेतलं, तेव्हा महिला फुटबॉलमध्ये पहिल्यांदाच एका खेळाडूची किंमत दहा लाख डॉलरच्या वर गेली. गिर्मा सेंटर बॅक आहे, म्हणजे बचावात मधे उभी राहणारी. आपल्याकडे मणिपूरची आशालता देवी ऑक्टोबर २०२४ मध्ये भारताकडून शंभर आंतरराष्ट्रीय सामने पूर्ण करणारी पहिली महिला ठरली. तीही बचावातलीच.

मला वाटतं, बडोद्यासारख्या शहरातून फुटबॉलमध्ये पुढे जायचं असेल तर बचाव, म्हणजे डिफेन्डरची जागा, ही मुलीसाठी सगळ्यात शहाणपणाची निवड आहे. गोल मारायला प्रत्येकीला यायचं असतं. मागे उभं राहून मन लावून शिकणाऱ्या मुली थोड्याच असतात. त्यामुळे जिल्ह्याच्या किंवा राज्याच्या निवड चाचणीत नीट शिकलेली डिफेन्डर लवकर नजरेत भरते.

आधी जागा ठरव, पण घाई नको

चार जणींच्या बचावात मधे दोन सेंटर बॅक (जुने लोक अजून स्टॉपर म्हणतात) आणि कडेला दोन फुलबॅक असतात. सेंटर बॅकला हेडर (डोक्याने बॉल मारणं), अंगाची ताकद आणि खेळ आधी ओळखण्याची नजर लागते. फुलबॅकला दम लागतो: पूर्ण कड तिची, वर जायचं आणि बॉल गेला की परत धावत यायचं. बारा-तेराव्या वर्षी उंची पाहून जागा पक्की करू नये, कारण पुढच्या दोन वर्षांत कोण किती वाढेल ते कुणालाच माहीत नसतं. दोन्ही ठिकाणी खेळून बघ. आणि तू डावखुरी असशील, म्हणजे डावा पाय चालत असेल, तर ते सरांना पहिल्याच दिवशी सांग. चांगल्या लेफ्ट बॅक सगळीकडेच कमी असतात.

मैदान आणि सर कसे निवडायचे

शहरात मुलींचा फुटबॉल नवा नाही. बडोदा फुटबॉल अकॅडमीचा संघ इंडियन विमेन्स लीग या देशातल्या वरच्या महिला लीगमध्ये खेळून आला आहे, म्हणजे इथल्या मैदानावरून तिथवर रस्ता जातो. पण घराजवळ आहे म्हणून किंवा मैत्रीण जाते म्हणून क्लब निवडू नकोस. आईबाबांना सोबत घेऊन जा आणि एक पूर्ण सराव कडेला बसून बघा.

बघायचं काय? सरांकडे ऑल इंडिया फुटबॉल फेडरेशनचं लायसन्स आहे का (डी, सी, बी, ए अशा त्याच्या पायऱ्या आहेत). मुलींची वेगळी बॅच आहे का, की दोन-तीन मुली मुलांच्या बॅचमध्ये कोपऱ्यात उभ्या आहेत. क्लब आपल्या खेळाडूंची फेडरेशनकडे नोंदणी करतो का आणि मुलींना खरोखर स्पर्धांना पाठवतो का. कपडे बदलायला जागा आणि स्वच्छतागृह आहे का. बाहेरगावी जाताना संघासोबत कोणी बाई असते का. हा शेवटचा प्रश्न विचारायला पालकांनी अजिबात संकोच करू नये. जिथे त्याचं सरळ उत्तर मिळत नाही, तिथे मुलीला घालू नका.

लहान वयात मुलांसोबत खेळायला मिळत असेल तर जरूर खेळ. वेगाने अंगावर येणाऱ्याला थोपवायचा सराव डिफेन्डरला त्यातूनच होतो.

आणखी एक, खास आपल्या लोकांसाठी. जुम्मादादा व्यायाम मंदिर ही बडोद्याची जुनी तालीम आणि ती नावारूपाला आणणारे प्रा. माणिकराव यांचं नाव बडोद्यातल्या जुन्या मराठी घरांत अजून आदराने घेतात. मग त्याच घरातली मुलगी गुडघे खरचटून, उन्हात रापून आली की "आता पुरे" कशासाठी? दंड-बैठका तिलाही हव्यातच. नीट घातलेली बैठक, म्हणजे टाच जमिनीला, गुडघे आत न झुकता पंजांच्या रेषेत, ही डिफेन्डरच्या पायाची पहिली शिदोरी आहे. त्याला जिमची फी लागत नाही.

सामान थोडंच

शिन गार्ड पहिल्या दिवसापासून. बूट घेताना लांब धातूचे स्टड नकोत. आपली मैदानं नोव्हेंबर ते जून दगडासारखी कडक असतात, तिथे मोल्डेड बुटके स्टड किंवा टर्फ शूज बरे. बूट एक नंबर मोठे, "वाढत्या पायाचे" घेऊ नका, त्याने घोटा मुरगळतो. चांगली स्पोर्ट्स ब्रा हाही सामानाचाच भाग आहे, आणि त्याबद्दल आईने मुलीशी मोकळेपणाने बोलावं. बॉल मोठ्या मुलींसाठी पाच नंबरचा, बारापर्यंतच्यांसाठी चारचा.

पाय घालू नकोस: खरं काम इथे सुरू होतं

समोरून एक मुलगी बॉल घेऊन येते आहे. नव्या डिफेन्डरला पहिला मोह होतो तो पाय घालण्याचा. पाय घातलास, तिने बॉल हलकेच बाजूला सरकवला, की तू मागे पडलीस आणि आता गोलकीपर एकटी आहे. म्हणून सुरुवातीचे काही महिने फक्त थोपवायला शिक.

ते असं. बॉल तिच्याकडे निघाला की तू जोरात धावत अंतर कमी कर. शेवटच्या तीन-चार मीटरवर वेग तोड, पावलं छोटी कर. सरळ छाती समोर करून उभी राहू नकोस. एक पाय पुढे, एक मागे, अंग तिरकं, गुडघे वाकलेले, वजन पंजांवर. तिच्यापासून हात लांबवला तर जेमतेम पोचेल एवढं अंतर. नजर बॉलवर. ती खांद्याने, कमरेने काय काय दाखवेल, पण बॉल हलत नाही तोवर तू हलायचं नाही. तुझा तिरकेपणा असा ठेव की तिला कडेच्या रेषेकडे किंवा तिच्या कच्च्या पायाकडेच जायची वाट दिसेल. मग मागे सरकत राहा आणि वाट बघ. कधीतरी बॉल तिच्या पायापासून अर्धा मीटर जास्त पुढे जातो. तोच क्षण. तेव्हा पाय घालायचा आणि मागचं सगळं वजन घेऊन घालायचा, अर्ध्या मनाने घातलेल्या टॅकलमध्येच दुखापती होतात.

घरी सराव करायचा तर गच्चीत किंवा सोसायटीच्या पार्किंगमध्ये चार चपला ठेवून दहा मीटर लांब, पाच मीटर रुंद पट्टा आख. भाऊ किंवा मैत्रीण बॉल घेऊन येईल. तुझं काम बॉल हिसकावणं नाही. तिला पाच आकडे मोजेपर्यंत पट्ट्याच्या शेवटी पोचू न देणं, एवढंच. हे जमलं की निम्मी डिफेन्डर तयार झाली असं मी मानते.

बॉल दुसरीकडे असताना काय करायचं, हे शिकायला जास्त वेळ लागतो. आपली प्रतिस्पर्धी आणि आपला गोल यांच्या मधे उभं राहायचं, आणि अंग असं उघडं ठेवायचं की बॉल आणि ती मुलगी दोन्ही दिसतील. दर काही सेकंदांनी खांद्यावरून मागे बघायची सवय लाव. नव्या मुली बॉलकडे टक लावून बघत राहतात आणि मागून धावलेली स्ट्रायकर त्यांना गोल झाल्यावरच दिसते.

बचावाची रेषा चौघींची मिळून असते. बॉल लांब मारला की चौघींनी एकदम वर सरकायचं. एकटी मागे राहिली तर तिच्यामुळे प्रतिस्पर्धी ऑफसाइडमधून (म्हणजे बॉल मारला जाताना बचावाच्या रेषेपलीकडे, गोलच्या बाजूला असल्याच्या चुकीतून) सुटते. हे सांगायला आवाज लागतो. घरात "हळू बोल" ऐकत वाढलेल्या मुलींना मैदानावर ओरडायला खरंच शिकवावं लागतं, आणि ते शिकायला लाजू नये. आपल्या संघात गुजराती, मराठी, हिंदी बोलणाऱ्या मुली एकत्र असतात, तेव्हा सामन्याआधीच शब्द ठरवून घ्या: मागे माणूस आहे, वर चला, माझा बॉल, बाहेर मार. चार शब्द, सगळ्यांना तेच, आणि शक्य तितके छोटे.

गोलपोस्टबद्दल एक गोष्ट लक्षात ठेव. मोठ्या मुलींचा गोल पुरुषांएवढाच असतो, ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच. आपल्या वयाच्या गोलकीपरला वरचा कोपरा गाठणं अवघड जातं. त्यामुळे पेटीच्या (गोलसमोर आखलेल्या पेनल्टीच्या चौकटीच्या) बाहेरून कुणी निवांत शॉट घेत असेल तर "लांब आहे, मारू दे" म्हणायचं नाही. तिच्यासमोर जायचं.

नियमही डिफेन्डरनेच सगळ्यात नीट वाचावा. एकटी गोलकडे सुटलेल्या मुलीला पेटीबाहेर फाउल करून पाडलंस आणि ती उघड गोलची संधी होती, तर थेट लाल कार्ड. पेटीच्या आत बॉल खेळायचा प्रामाणिक प्रयत्न करताना तेच झालं तर पेनल्टी आणि पिवळं. ओढलंस किंवा ढकललंस तर आतही लालच.

हेडर बारा-तेरानंतर, हलक्या बॉलने, जवळून टाकून घेत शिक: कपाळाने मारायचं, डोळे उघडे, मान ताठ. स्लायडिंग टॅकल (घसरत जाऊन पाय घालणं) शिकायचा तर पावसाळ्यात, गवत ओलं असताना. मे महिन्यात कडक जमिनीवर शिकायला गेलीस तर मांडीची सालं निघतील आणि भीती बसेल. आणि रोज भिंतीवर दोन्ही पायांनी पास. आता बचावातूनच खेळ उभा करतात, त्यामुळे बॉल नुसता उडवून देणारी डिफेन्डर वरच्या पातळीवर टिकत नाही.

तुझ्या चुकीने गोल होईल. फॉरवर्डने दहा संधी घालवल्या तरी लोक विसरतात, तुझी एक लक्षात ठेवतात. हे या जागेचं ओझं आहेच. गोल झाल्यावर पहिलं काम एकच: शेजारच्या डिफेन्डरशी बोल आणि जागेवर जा. बाकीचं बोलणं सामना संपल्यावर सरांशी.

गुडघा आणि नवरात्र

गुडघ्याच्या आतला एसीएल नावाचा लिगामेंट तुटला की वर्षभर खेळ जाऊ शकतो. मुलींमध्ये हा धोका मुलांच्या मानाने दुपटीहून जास्त आहे, आणि बऱ्याचदा कुणी धडकलेलंही नसतं: उडी मारून उतरताना किंवा झटकन वळताना गुडघा आत झुकतो आणि घात होतो. फिफाने यासाठी 'इलेव्हन प्लस' नावाचा वॉर्मअप तयार केला आहे. साधारण वीस मिनिटं, फुकट, बॉल आणि जागा एवढंच लागतं. धावणं, तोल सांभाळणं, मांडीच्या मागच्या स्नायूंची ताकद आणि उडी मारून नीट उतरणं, असं सगळं त्यात आहे. आठवड्यातून किमान दोनदा पूर्ण करायचा. तुमचे सर करून घेत नसतील तर चार मैत्रिणी मिळून अर्धा तास आधी या आणि करा. या लेखातली एकच गोष्ट पाळणार असशील तर ही पाळ.

आता बडोद्याची नवरात्र. गरबा सोड असं मी कुणाला सांगणार नाही, बडोद्यात वाढलेली मुलगी ते ऐकणारही नाही. पण मध्यरात्रीपर्यंत अनवाणी, कडक मैदानावर, एकाच दिशेने गिरक्या, आणि सकाळी सहाला पुन्हा सराव, याने घोटे आणि नडग्या दुखावतात. त्या नऊ दिवसांत उशिरा झोपलेल्या रात्रीनंतरचा सराव हलका ठेवायला सरांना सांग. सामना दोन दिवसांवर असेल तर त्या रात्री बसून टाळ्या वाजव.

गुडघ्यात 'टक्' असा आवाज होऊन थोड्या वेळात सूज आली तर मालीशवाल्याकडे किंवा हाडवैद्याकडे जाऊ नका. बर्फ लावा, पाय वर ठेवा आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

ताटाबद्दल थोडक्यात: शाकाहारी घरातही खेळाडू घडते, पण ठरवून खावं लागतं. मोड आलेल्या मटकीची उसळ, डाळ, शेंगदाणे, दही-ताक, पनीर. चालत असेल तर अंडी. सेव-उसळ सामना संपल्यावर खा, आधी नको. पाळी सुरू झालेल्या मुलींमध्ये लोह कमी पडतं आणि मग "आळशी झाली" असं घरचे म्हणतात. हळीव, खजूर, पालेभाजी लिंबू पिळून द्या, जेवणाबरोबर चहा नको, आणि वर्षातून एकदा हिमोग्लोबिन तपासा. सराव वाढल्यावर तीन महिने पाळी आली नाही तर ती सोय समजू नका, डॉक्टरांकडे जा. उन्हाळ्यात सराव सकाळीच, आणि बाटलीत मीठ-साखर घातलेलं लिंबू सरबत.

कागद: चांगल्या मुली इथे अडकतात

पायाने कमावलेली निवड कागदामुळे जाते, आणि गुजरातेतल्या मराठी घरांत याची शक्यता जास्त. इथल्या दाखल्यांत वडिलांच्या नावापुढे 'भाई' आणि आईच्या किंवा मुलीच्या नावापुढे 'बेन' लागलेलं असतं. जन्मदाखल्यात 'संजयभाई', आधारवर 'संजय', शाळेच्या दाखल्यात आडनाव आधी, आणि स्पेलिंग गुजरातीवरून आलेलं. शाळेच्या सामन्यांत कुणी बघत नाही. राज्याच्या संघात निवड झाली किंवा पासपोर्ट काढायची वेळ आली, की हेच तीन कागद एकमेकांशी जुळत नाहीत.

म्हणून मुलीने खेळायला सुरुवात केली त्याच वर्षी जन्मदाखला, आधार आणि शाळेचं रजिस्टर यांतलं नाव आणि जन्मतारीख अक्षर अन् अक्षर सारखी करून घ्या. जन्मदाखला प्रमाण माना आणि बाकीचे त्याप्रमाणे बदला. वय कमी लावायच्या फंदात तर पडूच नका. वयाच्या वैद्यकीय तपासण्या होतात आणि पकडल्यावर बंदी येते.

क्लबने फेडरेशनच्या सेंट्रलाइज्ड रजिस्ट्रेशन सिस्टीममध्ये नोंद केली की मुलीला स्वतःचा नंबर मिळतो. तो लिहून ठेवा. क्लब बदलायचा असेल तर आधीच्या क्लबकडून रीतसर बदली करून घ्या, परस्पर दुसरीकडे खेळू नका.

स्पर्धांची वाट

शाळेतून सुरुवात सोपी. राज्य सरकारच्या खेल महाकुंभात वयोगटांनुसार नाव नोंदवता येतं. शालेय स्पर्धा आहेत, सतरा वर्षांखालच्या मुलींसाठी सुब्रतो कप आहे. लहान वयोगटांसाठी खेलो इंडियाच्या अस्मिता लीगही होतात.

खरी शिडी मात्र असोसिएशनची: जिल्हा, मग गुजरात राज्याचं शिबिर, मग सब-ज्युनियर आणि ज्युनियर राष्ट्रीय स्पर्धा, आणि मोठेपणी सीनियर राष्ट्रीय, जिला २०२३-२४ पासून राजमाता जिजाबाई करंडकाचं नाव आहे. निवड चाचणीत डिफेन्डरने फॉरवर्डसारखं चमकायचा प्रयत्न करू नये. बोल, जागा धर, सोपे पास दे. निवडणारे तेच शोधत असतात.

क्लबची वाट वेगळी चालते. राज्याच्या महिला लीगमधून संघ आयडब्ल्यूएल-२ कडे, म्हणजे इंडियन विमेन्स लीगच्या खालच्या पायरीकडे जातात, आणि तिथून वरच्या इंडियन विमेन्स लीगमध्ये. ही वरची लीग २०१६-१७ मध्ये सुरू झाली, पहिलं विजेतेपद मणिपूरच्या ईस्टर्न स्पोर्टिंग युनियनने घेतलं. २०२३-२४ मध्ये ती पहिल्यांदा होम-अवे पद्धतीने (एक सामना आपल्या मैदानावर, एक त्यांच्या) झाली, म्हणजे खेळाडूला आठवडे नव्हे, महिने काम मिळालं. भारतीय संघाचंही बघ: ५ जुलै २०२५ ला थायलंडला २-१ हरवून संघ २०२६ च्या आशिया चषकासाठी पात्र ठरला. पात्रता फेरीतून तिथे पोचण्याची ही आपली पहिलीच वेळ.

पैसा, करार आणि फसवणूक

आकडा सरळ सांगते. २०२३ मध्ये फेडरेशनने ठरवलं की वरच्या लीगमधल्या प्रत्येक क्लबने किमान दहा भारतीय खेळाडूंना वर्षाला किमान ३.२ लाख रुपयांचा करार द्यावा. महिन्याला सत्तावीस हजारांच्या आत. नामवंत खेळाडूंना जास्त मिळतं, खालच्या लीगमध्ये बरंच कमी. एवढ्यावर घर चालवायचा हिशोब कुणी मांडू नये.

करार हातात आला की सही करण्याआधी घरी आणा. पगार किती महिन्यांचा, दुखापत झाली तर उपचार कोण करणार आणि पगार चालू राहणार का, राहणं-जेवण कुणाचं, हे लिहिलेलं असायला हवं. तोंडी शब्द करारात धरू नका. अठराखालच्या मुलीचा करार फिफाच्या नियमांत तीन वर्षांहून जास्त असू शकत नाही.

"परदेशी क्लबची ट्रायल आहे, एवढे लाख भरा" असं कुणी सांगितलं तर तिथेच थांबा. अठरा पूर्ण होण्याआधी परदेशी क्लबमध्ये बदली, मोजके अपवाद सोडले तर, फिफा होऊच देत नाही. एजंटकडे फिफाचं लायसन्स लागतं, आणि अल्पवयीन मुलीशी बोलायला पालकांची लेखी परवानगी लागते. खरा क्लब खेळाडूला पैसे देतो, मागत नाही.

शिक्षण सोबत ठेव

दिल्लीची दलिमा छिब्बर, भारताची राइट बॅक, कॅनडात मॅनिटोबा विद्यापीठात शिकत तिथल्या संघाकडून खेळली. शिक्षण आणि खेळ एकत्र चालतात, फक्त वेळापत्रक घट्ट लागतं. बारावीनंतर सयाजीराव विद्यापीठात प्रवेश घेतलास तर आंतरविद्यापीठ स्पर्धांचं दार उघडतं, आणि स्पर्धांची प्रमाणपत्रं पुढे नोकरीत लागतात. रेल्वे, पोलीस आणि निमलष्करी दलांत खेळाडूंची भरती होते. रेल्वेचा स्वतःचा महिला संघ सीनियर राष्ट्रीय स्पर्धेत उतरतो. म्हणून राज्याकडून खेळलेल्या प्रत्येक सामन्याचं प्रमाणपत्र फाइलला लाव, मूळ प्रत कुणाला देऊ नकोस, आणि भरतीच्या जाहिरातीत कोणत्या पातळीची स्पर्धा किती वर्षांपर्यंत धरतात ते नीट वाच.

अठरा पूर्ण झाल्यावर खेळत असतानाच प्रशिक्षणाचं ई सर्टिफिकेट किंवा डी लायसन्स करायचं मनात घे. डिफेन्डर पूर्ण मैदान समोर बघत खेळते, त्यामुळे शिकवणं तिला लवकर जमतं. शिवाय आपल्या शहरात मुलींच्या बॅचला बाई प्रशिक्षक हव्या आहेत. फॉर्म सुटले की जागा लवकर भरतात; राज्य असोसिएशनच्या सूचना दर आठवड्याला बघत जा.